नाणेफेक, चाचणी आणि विम्याचा हप्ता

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील डॅलस शहरात बेलर विद्यापीठाचे एक रुग्णालय होते. १९२९ साली त्याचा कारभार जस्टिन किंबॉल नावाच्या गृहस्थांकडे होता. हे गृहस्थ पूर्वी त्याच शहरातील शाळांचे अधीक्षक होते. रुग्णालयाच्या थकबाकीच्या वह्या चाळताना त्यांना ओळखीची नावे दिसू लागली. ती शिक्षकांची होती. आजारपण येऊन गेले होते, पण बिल फेडण्याइतका पगार हातात नव्हता. किंबॉल यांनी त्यावर एक साधी तोड काढली. प्रत्येक शिक्षकाने दरमहा ५० सेंट भरायचे. त्या बदल्यात गरज पडल्यास वर्षाला २१ दिवस रुग्णालयात राहण्याची सोय मिळेल. हजारावर शिक्षक सामील झाले. पुढे 'ब्लू क्रॉस' या नावाने अमेरिकाभर पसरलेल्या आरोग्यविम्याचे मूळ या शिक्षकांच्या वर्गणीत आहे.

हिशेब करून पाहू या. ५० सेंट दरमहा, म्हणजे वर्षाला ६ डॉलर. हजार शिक्षकांचे ६ हजार डॉलर. यांपैकी बहुतेक जण वर्षभरात रुग्णालयाची पायरी चढणार नाहीत. त्यांचे पैसे ज्यांना चढावी लागेल त्यांच्या कामी येतील. आपल्याकडच्या भिशीत आणि यात फरक आहे. भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो आणि भरले तेवढेच परत मिळते. विम्यात नंबर न लागणे हेच भाग्य. आणि कोणाचा नंबर लागणार हे आधी कोणालाच माहीत नसते, म्हणून तर सगळे आनंदाने सारखा हप्ता भरतात.

हा 'सारखा हप्ता' फार काळ टिकला नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून खाजगी विमा कंपन्या या धंद्यात उतरल्या. तरुण व धडधाकट लोकांचे गट निवडायचे, त्यांना कमी हप्ता लावायचा आणि आजारी माणसांना जास्त हप्ता लावायचा किंवा नाकारायचे, हे त्यांचे तंत्र. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी कारखानदार पगाराऐवजी विमा देऊ लागले. त्यामुळे अमेरिकेत विमा नोकरीला जोडला गेला तो कायमचाच. नोकरी असेल तर मालकाच्या गटातून विमा मिळे. नसेल तर एकट्याने कंपनीच्या दारात उभे राहायचे, आणि तेथे पहिला प्रश्न विचारला जाई : तुम्हाला आधीपासून काही आजार आहे का? घराण्यात कोणाला होता का?

या प्रश्नाला खरे उत्तर देणे ज्यांना सर्वांत महाग पडले, त्यांत हंटिंग्टन रोगाच्या घराण्यांचा क्रम बराच वरचा लागेल. त्यांची हकिगत मुळापासून सांगायला हवी.

जॉर्ज हंटिंग्टन हा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरील डॉक्टरांच्या घराण्यात जन्मला. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून रोग्यांच्या भेटीला जात असताना रस्त्यात त्याला दोन स्त्रिया दिसल्या. आई आणि मुलगी. दोघी उंच, वाळलेल्या. चालताना वाकत होत्या, अंगाला पीळ देत होत्या, तोंडे वेडीवाकडी करत होत्या. तो भीतीने थिजून पाहत राहिला. वैद्यकीची पदवी घेतल्यावर, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८७२ साली त्याने या आजारावर निबंध प्रसिद्ध केला. आजोबांनी आणि वडिलांनी टिपून ठेवलेल्या नोंदी हाताशी असल्याने एकाच घराण्याच्या तीन पिढ्या त्याला पडताळून पाहता आल्या. त्याने लिहिले की आईबापांपैकी एकाला हा रोग असेल तर मुलांपैकी काहींना तो होतो. पण एखादे मूल त्यातून सुटले तर त्याच्या पुढच्या पिढ्या कायमच्या सुटतात. धागा तुटला की तुटला. मेंडेलचे वाटाण्यांवरचे काम तेव्हा प्रसिद्ध होऊन सहा वर्षे झाली होती, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नव्हते. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले, तेव्हा हंटिंग्टनचे वर्णन प्रभावी जनुकाच्या वारशाशी अचूक जुळले.

रोग मेंदूच्या ऱ्हासाचा आहे. मेंदूच्या खोलवरच्या भागातील चेतापेशी हळूहळू मरत जातात. बहुधा वयाच्या तिशी ते पन्नाशीत सुरुवात होते. आधी चिडचिड, विसराळूपणा, हातून वस्तू पडणे. मग हातापायांच्या अनैच्छिक हालचाली. मग बोलणे व गिळणे अवघड होणे. १५–२० वर्षे हे चालते आणि शेवट मृत्यूत होतो. रोग थांबवणारे औषध आजही नाही.

वर्गात वंशशास्त्र शिकवताना या रोगाचे उदाहरण उपयोगी पडते, कारण त्यातले गणित नाणेफेकीइतके सोपे आहे. रोगी व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला दोषी जनुक मिळण्याची शक्यता एक द्वितीयांश. येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात : दोन मुले असतील तर एक रोगी व एक निरोगी असे समजतात. प्रत्येक मुलासाठी नाणे नव्याने उडवले जाते. चारही मुले सुटू शकतात आणि चारही सापडू शकतात. आणि हे नाणे जन्माआधीच पडलेले असते. छापा की काटा ते मात्र पुढे तीस-चाळीस वर्षे झाकलेले राहते.

ही घराणी आपला इतिहास लपवत आली, याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुप्रजननवाद्यांचा जोर होता. त्यांचे अग्रणी चार्ल्स डॅव्हेनपोर्ट यांनी १९१६ साली या घराण्यांच्या वंशावळी छापल्या आणि अशा लोकांना मुले होऊ देऊ नयेत, देशात येऊ देऊ नये, असा विचार मांडला. जर्मनीत तो कायदा झाला. १९३३च्या जुलैत नाझी सरकारने सक्तीच्या नसबंदीसाठी जे नऊ विकार नेमून दिले, त्यांत हंटिंग्टन रोग नावानिशी होता. 'घराण्यात काय आहे' या प्रश्नाची भीती विमा कंपन्यांच्या फॉर्मपासून सुरू झालेली नाही. ती फार जुनी आहे.

मौन फुटले ते १९६७ साली. अमेरिकेचा लाडका लोकगायक वुडी गथ्री त्या वर्षी या रोगाने वारला. अखेरची अनेक वर्षे त्याने रुग्णालयांतच काढली होती. त्याची पूर्वपत्नी मार्जोरी हिने रुग्णांच्या कुटुंबांची संघटना उभारली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमधील मानसोपचारतज्ज्ञ मिल्टन वेक्सलर यांच्या पूर्वपत्नीला हाच रोग असल्याचे निदान झाले. वेक्सलर यांना दोन मुली, अ‍ॅलिस आणि नॅन्सी. दोघींच्या वाट्याला नाणेफेक आली. वेक्सलर यांनी संशोधनासाठी संस्था काढली आणि मानसशास्त्रज्ञ झालेल्या नॅन्सीने आयुष्य त्या कामाला वाहिले.

व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या कोळीवस्त्यांत हा रोग विलक्षण प्रमाणात आढळतो. अमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टराने १९५५ साली ते प्रथम प्रसिद्ध केले होते. नॅन्सी वेक्सलर १९७९ पासून तेथे जाऊ लागल्या. पुढे दरवर्षी तुकडी घेऊन जायचे, घरोघर वंशावळी लिहायच्या, रक्ताचे नमुने आणायचे, असे हे काम वीसहून अधिक वर्षे चालले. त्या रक्ताच्या आधारे जेम्स गुसेला यांच्या गटाने १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर रोगाच्या जनुकाजवळची खूण शोधली. दैव एवढे जोरावर की तपासलेल्या सुरुवातीच्या मोजक्या खुणांतच ती सापडली. प्रत्यक्ष जनुक हाती यायला मात्र आणखी दहा वर्षे लागली. मार्च १९९३ मध्ये सहा गटांतील ५८ शास्त्रज्ञांनी मिळून ते जाहीर केले.

जनुकातील दोष चमत्कारिक आहे. डीएनएच्या 'सी-ए-जी' या तीन अक्षरांची त्यात पुनरावृत्ती होते. ३५ वेळांपर्यंत झाली तर रोग होत नाही. ४० किंवा त्याहून अधिक वेळा झाली तर, माणूस पुरेसा जगल्यास, होतोच. ३६ ते ३९ ही मधली संदिग्ध पट्टी. म्हणजे रक्ताच्या थोड्या थेंबांतून विशीतल्या माणसाला त्याच्या पन्नाशीबद्दल जवळजवळ खात्रीने सांगता येऊ लागले. (खुणेवर आधारलेली चाचणी १९८६ पासूनच निवडक ठिकाणी सुरू झाली होती, तिला नातेवाइकांचे रक्तही लागे.)

विज्ञानाचा एवढा मोठा विजय. पण ज्यांच्यासाठी तो मिळवला त्यांतल्या बहुसंख्यांनी चाचणी घेतलीच नाही. पहिले कारण उघड आहे. उपाय नसेल तर कळून करायचे काय? दुसरे कारण विम्याचे होते. मालकाला कळले तर नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर विमा. एकट्याने विमा घ्यायला जावे तर अर्जावर खरे लिहिल्यास नकार, आणि खोटे लिहिल्यास पुढे दावा फेटाळला जाण्याची भीती. म्हणून ज्यांनी चाचणी घेतली त्यांतील काहींनी विम्यातून खर्च मागण्याऐवजी पदरचे पैसे भरले, काहींनी खोटे नाव दिले. डॉक्टरांनाही, 'हे केसपेपरवर लिहू नका,' असे सांगितले जाई. ज्या माणसाला वैद्यकीय मदतीची सर्वांत जास्त गरज लागणार तोच आपल्या डॉक्टरापासून आपला आजार लपवू लागला.

विमा कंपनीची बाजूही समजून घेऊ. तिचे म्हणणे असे : चाचणीचा निकाल ग्राहकाला माहीत आणि आम्हाला नाही, असे झाले तर ज्यांना रोग होणार तेच मोठ्या रकमांचा विमा घेतील, ज्यांना होणार नाही ते घेणार नाहीत, हप्ते वाढत जातील आणि वाढत्या हप्त्यांमुळे निरोगी माणसे आणखी गळतील. यात तथ्य आहे. आयुर्विम्यासारख्या, हवी तेवढी रक्कम निवडता येणाऱ्या विम्यात तर ते बरेच आहे.

पण आरोग्यविम्याचा हिशेब जरा निराळा मांडून पाहावा. रोगी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या शंभर तरुणांचा गट घ्या. चाचणीपूर्वी प्रत्येकाची जोखीम निम्मी. अंदाजे पन्नास जण आजारी पडणार. सगळ्यांची चाचणी केली, तरी आजारी पडणारे अंदाजे पन्नासच. रोग्यांची संख्या वाढत नाही, उपचारांचा खर्चही वाढत नाही. बदलते ते एवढेच की तो खर्च कोणाच्या दारात जाऊन पडणार हे आधी कळते. आणि कळले की उरलेले सगळे त्या दारापासून दूर सरकू शकतात. डॅलसच्या शिक्षकांना एकत्र बांधणारे जे अज्ञान होते तेच येथे नाहीसे झाले. मग प्रश्न विज्ञानाचा राहत नाही. मिळालेले ज्ञान विमा कंपनीने वापरावे की वापरू नये, हे समाजाला ठरवावे लागते.

अमेरिकेने हे ठरवायला वीसएक वर्षे घेतली. मानवी जनुकसंचयाच्या प्रकल्पाने आपल्या पैशातला काही वाटा सामाजिक व नैतिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी ठेवला होता. त्या कार्यगटाच्या प्रमुख नॅन्सी वेक्सलरच होत्या. या गटाने नेमलेल्या समितीचा विम्यावरील अहवाल १९९३ साली, म्हणजे जनुक सापडले त्याच वर्षी आला. माणसाच्या भूत, वर्तमान किंवा भावी प्रकृतीच्या माहितीवरून त्याला आरोग्यसेवा नाकारू नये, असे त्याने स्पष्टपणे सुचवले. 'वर्तमान' हा शब्द लक्षात ठेवावा. पुढच्या कायद्यांतून नेमका तोच गळाला.

१९९६च्या कायद्याने एवढे केले की नोकरीतील गटविम्यापुरते, निदान झालेले नसताना केवळ जनुकीय माहितीला 'आधीपासूनचा आजार' म्हणता येणार नाही. एकट्याने विमा घेणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नव्हता. त्याच्या आधीच्या वर्षापासून लुईस स्लॉटर या प्रतिनिधी व्यापक कायद्याचा मसुदा मांडत होत्या. तो मंजूर व्हायला २००८ साल उजाडले. तेरा वर्षे अडलेल्या या विधेयकाला अखेर वरिष्ठ सभागृहात ९५ विरुद्ध शून्य आणि कनिष्ठ सभागृहात ४१४ विरुद्ध १ अशी मते पडली! या कायद्याने आरोग्यविमा कंपन्यांना आणि मालकांना जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास बंदी केली. घराण्याचा इतिहासही 'जनुकीय माहिती'त धरला, हे त्याचे मोठेपण.

मात्र या कायद्याचे संरक्षण लक्षणे दिसू लागेपर्यंतच होते. जनुक आहे पण हात थरथरत नाहीत, तोवर कायदा पाठीशी. हात थरथरू लागले की तो 'प्रकट झालेला आजार', आणि त्यावर कंपनी पूर्वीसारखाच नकार देऊ शके. शिवाय आयुर्विमा, अपंगत्वाचा विमा आणि दीर्घकाळच्या शुश्रूषेचा विमा कायद्याबाहेरच ठेवले गेले. हंटिंग्टनच्या रोग्याला अखेरच्या वर्षांत औषधांपेक्षा भरवायला, उचलायला, अंघोळ घालायला माणूस लागतो. नेमक्या त्या खर्चाचा विमा वगळला गेला. नाकारलेल्या लोकांसाठी तीस-पस्तीस राज्यांनी चढ्या हप्त्यांच्या खास योजना काढल्या होत्या, पण त्या अपुऱ्या होत्या.

आरोग्यविम्याच्या बाबतीत ही फट बुजवली ती २०१० साली मंजूर झालेल्या कायद्याने. १ जानेवारी २०१४ पासून आधीच्या आजारावरून कोणाही प्रौढाला विमा नाकारता येत नाही की जास्त हप्ता लावता येत नाही. वय, राहण्याचे ठिकाण, तंबाखूसेवन आणि कुटुंबाचा आकार यांवरूनच हप्ता बदलतो. ८५ वर्षांनी अमेरिका डॅलसच्या शिक्षकांच्या बरीच जवळ परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

इतरत्र काय झाले? ब्रिटनमध्ये उपचारांचा भार सरकारी सेवा उचलते, त्यामुळे वाद आयुर्विम्याचा होता. २००० साली तेथील सरकारी समितीने आयुर्विम्यासाठी हंटिंग्टन चाचणीचा निकाल विचारात घ्यायला मान्यता दिली. त्यावर गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी विमा कंपन्यांनी जनुकीय चाचण्यांचे निकाल वापरण्यावर स्वतःहून मर्यादा घातली. २०१८च्या संहितेत एकच अपवाद उरला : ५ लाख पौंडांहून मोठा आयुर्विमा, आणि आजार हंटिंग्टनचा. कॅनडातही उपचार सरकारी आहेत. तेथे या घराण्यांतील २३३ जणांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ४० टक्के लोकांना भेदभावाचा अनुभव आला होता, सर्वाधिक विम्याच्या बाबतीत. आणि त्याचे कारण बहुधा चाचणीचा निकाल नव्हता, तर घराण्याचा इतिहास होता. म्हणजे चाचणी टाळूनही सुटका नव्हतीच. कॅनडाने २०१७ साली जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा केला आणि २०२० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरला.

आपल्याकडे हा प्रश्न हृदयाच्या वाटेने आला. हृदयाच्या स्नायूंच्या एका आनुवंशिक विकाराच्या रुग्णाचा दावा विमा कंपनीने 'आनुवंशिक आजार वगळले आहेत' या कलमावर बोट ठेवून फेटाळला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असे मोघम कलम राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाविरुद्ध ठरवले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मेंदूच्या ऱ्हासाचे आजारही नियमांत नावानिशी आले, ते विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत. अल्झायमर, पार्किन्सन यांसारखे ठरावीक आजार आधीच असलेल्या अर्जदाराला, त्याच्या संमतीने, तो आजार कायमचा वगळून पॉलिसी देता येईल, अशी तरतूद त्यांत होती. इतर आजारांसाठी तरी दार उघडे राहते, हा त्याचा फायदा. पण ज्यासाठी विमा हवा होता तेच वगळले जाते.

पुन्हा अमेरिकेकडे, कारण तेथील एक गाठ सुटायची राहिली आहे. रोग बळावला की नोकरी सुटते आणि तिच्याबरोबर मालकाचा विमाही. ६५ वर्षांखालच्या अपंगांना वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना मिळते, पण अपंगत्वाचा भत्ता सुरू झाल्यावर २४ महिने थांबून. आणि तो भत्ताही पाच महिन्यांनी सुरू होतो. एकूण २९ महिने. चेतापेशींच्याच 'एएलएस' नावाच्या आजारासाठी ही २४ महिन्यांची अट २००१ साली काढून टाकण्यात आली. हंटिंग्टनच्या रोग्यांना तीच सवलत देणारे विधेयक त्यानंतर अनेकदा अमेरिकी संसदेपुढे आले. २०२४ अखेरपर्यंत ते मंजूर झालेले नव्हते.

नॅन्सी वेक्सलर यांनी चाचणी घेतली की नाही हे विचारणाऱ्यांना त्या उत्तर देण्याचे टाळत. त्यांच्या चालण्यातील बदल जवळच्यांना दिसत होता. मार्च २०२०मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांच्या असताना, त्यांनी आपल्यालाही हा रोग असल्याचे जाहीर केले.